रेफ्रिजरेशन कॉम्प्रेसरसाठी सिंथेटिक तेलांची तुलना : कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

टेबलावर दोन डबे आहेत. दोन्हींवर ६८ हा ग्रेड लिहिलाय, दोन्हींवर 'सिंथेटिक' लिहिलंय. एक थोडं स्वस्त, दुसरं लगेच मिळणारं. बहुतेक ठिकाणी तुलना इथेच संपते आणि डबा उघडला जातो. काही महिन्यांनी कॉम्प्रेसर आवाज करू लागतो, किंवा साइट ग्लासमधली (तेल दिसण्यासाठीच्या काचेतली) पातळी रोज खाली जाते, आणि दोष 'खराब तेला'वर जातो. तेल खराब नसतंच. ते त्या यंत्रासाठी आणि त्या गॅससाठी, म्हणजे यंत्रात फिरून थंडावा देणाऱ्या रेफ्रिजरंटसाठी, चुकीचं असतं.

डब्यातलं तेल आणि चालू कॉम्प्रेसरमधलं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॉम्प्रेसरमध्ये तेलात गॅस विरघळलेला असतो, आणि बेअरिंगला मिळतं ते हे मिश्रण. म्हणून तुलना तेल आणि गॅस यांच्या जोडीची करायची, तीही तुमच्या तापमानाला आणि दाबाला. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीसाठी आहेत. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या टप्प्यात बाद होणाऱ्या तेलावर पुढे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

## तयारी : डबे समोर आणण्याआधी हे गोळा करा

यंत्राची माहिती आधी, तेलाची नंतर. उलट केलं की आपण आवडलेल्या तेलासाठी कारणं शोधत बसतो.

यंत्राबद्दल एका कागदावर लिहून काढा :

- कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटवरचा पूर्ण मॉडेल नंबर. शेवटची अक्षरंही लिहा, कारण एकाच कॉम्प्रेसरच्या दोन आवृत्त्यांत भरलेलं तेल वेगळं असू शकतं आणि तो फरक बऱ्याचदा त्या अक्षरांतच असतो.
- उत्पादकाची मंजूर तेलांची यादी आणि त्याने सांगितलेली बेअरिंगजवळची किमान व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा.
- गॅस कोणता आहे, आणि आधी कधी बदललेला आहे का.
- इव्हॅपोरेटरचं (जिथे गॅस उकळून थंडावा देतो त्या कॉइलचं) सर्वांत कमी तापमान. सरासरी इथे कामाची नाही. डिफ्रॉस्टच्या आधीचं, कमी लोडवरचं, खरोखर गाठलं जाणारं तापमान हवं.
- डिस्चार्जचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, सर्वांत जास्त तापमान.
- क्रँककेसमधल्या (कॉम्प्रेसरच्या तळातल्या) किंवा ऑइल सेपरेटरमधल्या (गॅसमधून तेल वेगळं करणाऱ्या टाकीतल्या) तेलाचं तापमान आणि तिथला दाब.
- इव्हॅपोरेटर ड्राय एक्स्पान्शन (गॅस पुढे जाता जाता पूर्ण उकळतो) आहे की फ्लडेड (द्रव गॅसने भरलेला). सेपरेटर आहे का. सक्शन लाइनला (कॉम्प्रेसरकडे गॅस परत आणणाऱ्या नळीला) उभे रायझर किती.
- आत्ता आत असलेलं तेल कोणतं, आणि सील, ओ-रिंग कशाच्या आहेत.

प्रत्येक तेलासाठी तीन कागद हवेत : तांत्रिक माहितीपत्रक, सुरक्षापत्रक आणि तुमच्याच गॅससोबतचा दाब-तापमान-व्हिस्कॉसिटी तक्ता. तिसरा कागद सहसा मागून घ्यावा लागतो. पुरवठादार तो देत नसेल तर ते तेल मी यादीत खाली ढकलतो, कारण त्याशिवाय टप्पा ३ करता येत नाही.

सावधान : तेलाचं तापमान अंदाजाने लिहू नका. चालू यंत्रावर, लोड स्थिर झाल्यावर, क्रँककेसच्या तळाशी तेलाच्या पातळीखाली प्रोब घट्ट बांधा, वरून इन्सुलेशन गुंडाळा आणि मग वाचा. उघडा प्रोब हवेचं तापमान सांगतो.

## टप्पा १ : गॅसवरून तेलाचा प्रकार ठरवा

'सिंथेटिक' हा प्रकार नाही. त्या एका शब्दाखाली एकमेकांशी संबंध नसलेली रसायनं येतात : अल्किलबेंझीन, पीएओ म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन, पीओई म्हणजे पॉलिओल एस्टर, पीएजी म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, आणि पीव्हीई म्हणजे पॉलिव्हिनाइल ईथर. पहिली चाळणी अशी लावा :

- आर-२२ आणि त्या काळातले गॅस : खनिज तेल किंवा अल्किलबेंझीन. अति थंड कामात खनिज तेल आर-२२ पासून वेगळं होऊ लागतं. अल्किलबेंझीन तिथे बरं पडतं.
- आर-१३४ए, आर-४०४ए, आर-५०७, आर-४०७सी, आर-४१०ए : पीओई, काही यंत्रांत पीव्हीई. खनिज तेल आणि पीएओ यांच्यात नीट मिसळत नाहीत.
- आर-३२ : पीओई किंवा पीव्हीई, पण आर-३२ साठीच बनवलेलं. आर-४१०ए सोबत उत्तम चालणारं नेहमीचं पीओई आर-३२ सोबत थंडीत लवकर वेगळं होतं.
- गाडीचा एसी, आर-१३४ए किंवा आर-१२३४वायएफ : पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला बहुधा पीएजी, तेही त्या गॅसचंच. विजेवर चालणाऱ्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कॉम्प्रेसरला उत्पादक सांगेल ते, सहसा पीओई.
- अमोनिया : खनिज, पीएओ, अल्किलबेंझीन; ड्राय एक्स्पान्शनमध्ये मिसळणारं पीएजी. पीओई अजिबात नाही. अमोनिया एस्टरवर हल्ला करतो आणि आत गाळ साचतो.
- कार्बन डायऑक्साइड : पीओई किंवा पीएजी, यंत्रानुसार.
- आर-२९० (प्रोपेन), आर-६००ए (आयसोब्युटेन) : इथे बरेच प्रकार मिसळतात, आणि अडचण तीच आहे. हायड्रोकार्बन खनिज तेलात फारच सहज विरघळतात आणि ते पातळ करतात. मोठ्या यंत्रांत म्हणूनच जास्त व्हिस्कॉसिटीचं तेल किंवा गॅस कमी शोषणारं पीएजी वापरतात.

माहितीपत्रकावर जर्मन मानक डीआयएन ५१५०३ चा कोड असेल तर काम सोपं होतं. केएए म्हणजे अमोनियासोबत न मिसळणारं, केएबी म्हणजे अमोनियासोबत मिसळणारं, केबी कार्बन डायऑक्साइडसाठी, केसी क्लोरिन असलेल्या जुन्या गॅससाठी, केडी आर-१३४ए सारख्या गॅससाठी, केई हायड्रोकार्बनसाठी. कोड जुळला म्हणजे तेल निवडलं असं नाही. जुळला नाही तर मात्र ते बाद.

तपासणी : अमोनिया आणि हायड्रोकार्बन सोडले तर या टप्प्यानंतर यादीत एक किंवा फार तर दोन प्रकार उरायला हवेत. तीन उरले असतील तर गॅस किंवा इव्हॅपोरेटरची माहिती अपुरी आहे. तयारीच्या कागदाकडे परत जा.

## टप्पा २ : ग्रेडचा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो

आयएसओ व्हीजी ६८ याचा अर्थ एवढाच, की ४० °से.ला, गॅस न मिसळलेल्या तेलाची व्हिस्कॉसिटी ६८ सेंटिस्टोकच्या (व्हिस्कॉसिटीचं एकक) १० टक्के अलीकडे-पलीकडे आहे. म्हणजे ६१.२ ते ७४.८ मध्ये कुठेही. एक तेल ६२ आणि दुसरं ७४ असेल तरी दोन्हींच्या डब्यावर ६८ च येणार. त्यामुळे डब्यावरचा ग्रेड घेऊ नका, माहितीपत्रकातला मोजलेला आकडा घ्या. पीओईमध्ये १७० असाही ग्रेड दिसतो. तो आयएसओच्या ठरलेल्या पायऱ्यांत नाही. तिथे १५० नंतर थेट २२० येतो. '१७० म्हणजे साधारण १५०च' असं धरून बदली करणारे मी पाहिलेत. तसं करू नका.

४० °से.चा आकडा जुळला तरी १०० °से.चा जुळेलच असं नाही. नॅफ्थेनिक खनिज तेल ६८ ग्रेडचं असेल तर १०० °से.ला ते सुमारे ६ ते ७ सेंटिस्टोकवर येतं. त्याच ग्रेडचं पीएओ सुमारे १० वर राहतं. गरम डिस्चार्जजवळ हा फरक बराच मोठा आहे. तो व्हिस्कॉसिटी इंडेक्समध्ये दिसतो : आकडा जितका मोठा, तितकं तेल तापमानाने कमी बदलतं. नॅफ्थेनिक तेलांत तो लहान, पीएओमध्ये १३० च्या आसपास, पीएजीमध्ये बहुधा त्याहून जास्त.

इथेच थांबायचा मोह होतो. दोन आकडे मिळालेत, तक्ता भरलाय, सगळं शास्त्रीय वाटतंय. पण अजून गॅस आलेलाच नाही.

## टप्पा ३ : गॅस विरघळल्यावरची व्हिस्कॉसिटी काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि वगळलाही हाच टप्पा जातो. घाई करू नका.

तक्त्याला डॅनियल चार्ट म्हणतात. आडव्या अक्षावर तापमान असतं. एका भागात दाबाच्या रेघा आणि दुसऱ्यात व्हिस्कॉसिटीच्या. दोन्हीकडे प्रत्येक रेघ तेलात विरघळलेल्या गॅसची टक्केवारी दाखवते. वाचायचा क्रम असा :

1. आडव्या अक्षावर मोजलेलं तेलाचं तापमान शोधा.
2. तिथून सरळ दाबाच्या भागात जा आणि तेलावरचा दाब गाठा.
3. त्या बिंदूतून कोणत्या टक्केवारीची रेघ जाते ते वाचा. इतका गॅस तेलात विरघळलाय.
4. तापमान तेच ठेवून व्हिस्कॉसिटीच्या भागात त्याच टक्केवारीची रेघ शोधा.
5. तिथली व्हिस्कॉसिटी लिहा. बेअरिंगला मिळते ती ही.

समजा ६८ ग्रेडची दोन पीओई आहेत. तेलाचं तापमान ६० °से. पहिल्याच्या तक्त्यात तुमच्या दाबाला २० टक्के गॅस येतो आणि व्हिस्कॉसिटी ८ पर्यंत उतरते. दुसऱ्यात १२ टक्के गॅस येतो आणि ती १३ वर थांबते. उत्पादकाने किमान १० मागितलेत. डब्यावर एकसारखी दिसणारी ही दोन तेलं आता एकसारखी राहिली नाहीत. पहिलं बाद.

या वाचनात तीन चुका वारंवार होतात.

दाब चुकीच्या बाजूचा घेणं. पिस्टनच्या सेमी-हर्मेटिक (मोटर आतच असलेल्या) कॉम्प्रेसरमध्ये क्रँककेस सक्शन दाबाला असतं. पण रोटरी कॉम्प्रेसरचं कवच आणि स्क्रू कॉम्प्रेसरचा ऑइल सेपरेटर डिस्चार्ज दाबाला असतो. तिथे सक्शनचा दाब घेऊन तक्ता वाचलात तर गॅस फारच कमी विरघळलेला दिसेल आणि तेल प्रत्यक्षापेक्षा दाट वाटेल.

गेजचा दाब तसाच वापरणं. बरेच तक्ते निरपेक्ष दाबात असतात. गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब, म्हणजे सुमारे १ बार, मिळवावा लागतो. डिस्चार्ज बाजूला हा फरक खपून जाईल. कमी तापमानाच्या कोल्ड रूममध्ये, जिथे गेजवर सक्शनच १ बारच्या आसपास असतं, तिथे दाब निम्म्याने चुकतो.

'गरम म्हणजे पातळ' असं धरून चालणं. गॅस नसलेल्या तेलाबाबत हे खरं आहे. पण दाब तोच ठेवून गॅस मिसळलेलं थंड तेल गरम करत गेलं, तर आधी त्यातला गॅस उकळून बाहेर पडतो आणि मिश्रण *दाट* होत जातं. एका तापमानानंतर गॅस फारसा उरत नाही, आणि मग तेल नेहमीसारखं पातळ होऊ लागतं. तक्त्यावर स्थिर दाबाची रेघ पकडून चाललात की मधला हा उंचवटा दिसतो. तुमचं तेल उंचवट्याच्या थंड बाजूला असेल तर जास्त ग्रेडचं तेल शोधण्यापेक्षा क्रँककेस हीटर आणि सक्शन सुपरहीट (परत येणारा गॅस उकळबिंदूपेक्षा किती गरम आहे ते) ठीक करणं जास्त उपयोगाचं आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रात्रभर बंद असलेलं, हीटर न लावलेलं यंत्र सुरू होताना साइट ग्लाससमोर उभे राहा. आधी पातळी वर दिसते, कधी काच पूर्ण भरलेली. ते नुसतं तेल नाही, रात्री थंड क्रँककेसमध्ये येऊन बसलेला गॅसही आहे. मोटर फिरते, दाब पडतो आणि काही सेकंदांत काच दुधासारख्या पांढऱ्या फेसाने भरते. फेस बसतो तेव्हा पातळी काचेच्या खाली गेलेली असते, कारण तेल फेसाबरोबर डिस्चार्जमधून निघून गेलं. त्या क्षणी बेअरिंगला काय मिळत असेल ते डब्यावरच्या ६८ वरून कळत नाही.

तपासणी : प्रत्येक तेलासाठी किमान दोन स्थिती वाचा. एक, नेहमीचं चालू काम. दोन, सर्वांत जास्त गॅस विरघळेल अशी स्थिती, म्हणजे थंड तेल आणि जास्त दाब. दोन्हीकडे उत्पादकाची किमान मर्यादा सांभाळणारं तेलच पुढे जाईल.

## टप्पा ४ : तेल परत येतं का

कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गॅसबरोबर जातंच. ते इव्हॅपोरेटरमधून फिरून परत आलं पाहिजे. म्हणून मिसळण्याचा तक्ता पाहा : एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला मिश्रणातलं तेलाचं प्रमाण, आणि वक्राने दाखवलेला 'दोन थर' होण्याचा भाग. तुमचं सर्वांत कमी इव्हॅपोरेटर तापमान या भागाच्या बाहेर असायला हवं.

इथली नेहमीची चूक म्हणजे एकाच टक्केवारीवर बघणं. प्रणालीत फिरणारं तेल काही टक्केच असतं, म्हणून लोक तक्त्याची तेवढीच कड पाहतात. पण इव्हॅपोरेटरमध्ये गॅस उकळून जातो तसं उरलेल्या द्रवात तेलाचं प्रमाण वाढत जातं. थोड्या टक्क्यांपासून बऱ्याच मोठ्या प्रमाणापर्यंत पूर्ण पट्टा तपासा.

पोअर पॉइंटवर (ज्या तापमानाखाली तेल वाहत नाही त्यावर) भिस्त ठेवू नका. तो गॅस नसलेल्या तेलाचा आकडा आहे. पोअर पॉइंट खूप खाली असलेलं तेलही गॅसशी मिसळत नसेल तर कॉइलच्या नळ्यांना चिकटून राहतं.

इव्हॅपोरेटर फ्लडेड असेल तर घनताही पाहावी लागते. अमोनियाचा द्रव तेलापेक्षा हलका असल्याने न मिसळणारं तेल तळाशी बसतं आणि ऑइल पॉटमधून काढता येतं. आर-१३४ए चा द्रव तेलापेक्षा जड, म्हणून तिथे वेगळं झालेलं तेल वर तरंगतं आणि तळाच्या नळीला कधीच सापडत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या द्रवाची घनता ० °से.ला सुमारे ९३० किलो प्रति घनमीटर आणि उणे २० °से.ला सुमारे १०३० असते. तेलाची घनता याच पट्ट्यात पडते, त्यामुळे तापमान बदललं की तेल वरचं खाली होऊ शकतं. अशा ठिकाणी तेल काढण्याची जागा कुठे आहे हे तपासल्याशिवाय न मिसळणारं तेल निवडू नका.

## टप्पा ५ : ओलावा

खनिज तेल वापरून सवय झालेल्या हातांना पीओई आणि पीएजी फसवतात. खनिज तेल हवेतून फारच थोडं पाणी घेतं, १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आतच भागतं. पीओई उघडं ठेवलं तर हजारावर पीपीएम शोषतं. पीएजी त्याच्याही पुढे जातं.

हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर हिशेब करून बघा. प्रणालीत २ किलो पीओई आहे. बंद डब्यातल्या चांगल्या तेलात ५० पीपीएमपेक्षा कमी पाणी असतं, म्हणजे ०.१ ग्रॅम, साधारण दोन थेंब. तेच तेल दमट हवेत उघडं राहून ५०० पीपीएमवर गेलं तर १ ग्रॅम पाणी झालं, म्हणजे वीसेक थेंब. तेल दिसायला तसंच स्वच्छ, तसंच पारदर्शक. डोळ्यांना काहीच कळत नाही, म्हणून भरवसा फक्त कार्ल फिशर चाचणीवर ठेवायचा.

पुढचा फरक प्रकारांतला आहे आणि तुलनेत तो लिहायलाच हवा. पीओई ज्या आम्ल आणि अल्कोहोलपासून बनतं, पाणी आणि उष्णता मिळाली की त्यांच्याकडेच परत जातं. म्हणजे आत आम्ल तयार होतं. पीएजी आणि पीव्हीई पाणी शोषतात, पण या पद्धतीने तुटत नाहीत. ज्या कामात प्रणाली वारंवार उघडावी लागते, तिथे मी हा मुद्दा व्हिस्कॉसिटी इंडेक्सच्या वर ठेवतो.

आम्ल आणि ओलावा एकत्र आल्यावर काय होतं ते उघडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये दिसतं. क्रँकशाफ्टच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर), जिथे पोलाद चकचकीत करडं असायला हवं, तिथे गुलाबीसर तांबूस झाक येते. नखाने खरवडून जात नाही. नळ्यांमधलं तांबं विरघळून सर्वांत गरम घासणाऱ्या जागी येऊन बसलेलं असतं. जर्नलची जाडी वाढते, बेअरिंगमधली फट कमी होते. तशी झाक दिसली तर नवं तेल कोणतं घ्यायचं याआधी पाणी कुठून आलं हे शोधा.

सावधान : पीओईमध्ये शिरलेलं पाणी नुसत्या व्हॅक्यूमने निघत नाही, तेल ते घट्ट धरून ठेवतं. व्हॅक्यूम कोरड्या प्रणालीसाठी घ्यायचा, तेलातल्या पाण्यासाठी फिल्टर ड्रायर हवा. ओलं झालेलं तेल 'व्हॅक्यूमवर काढू' म्हणून भरू नका.

तपासणी : डबा धातूचा आहे का? प्लॅस्टिकमधून हळूहळू ओलावा आत जातो. सील शाबूत आहे का? डब्याचा आकार तुमच्या एका भरणीएवढा आहे का? अर्धा उरणारा मोठा डबा स्वस्त पडतो आणि पुढच्या वेळी महाग पडतो.

## टप्पा ६ : सील, रंग, वाइंडिंग

हा टप्पा नव्या यंत्रात छोटा असतो, जुन्यात मोठा.

अमोनियाच्या जुन्या प्लांटमध्ये खनिज तेल काढून शुद्ध पीएओ भरलं की काही दिवसांत शाफ्ट सील आणि ओ-रिंग गळू लागतात. खनिज तेलाने रबर फुगवून ठेवलेलं असतं. पीएओ तसं करत नाही, रबर आक्रसतं. एक तर बदलाबरोबर सील बदला, नाहीतर पीएओ आणि अल्किलबेंझीनचं मिश्रण विचारात घ्या. पीएजी काही रंगांना धरवत नाही, तेव्हा सांडलेलं लगेच पुसा.

हर्मेटिक आणि सेमी-हर्मेटिक यंत्रात मोटरचं वाइंडिंग याच तेलात आणि गॅसमध्ये असतं, त्यामुळे तेलाची विद्युतरोधकता तुलनेत घ्या. पीएजी इथे कमकुवत आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या एसीमध्ये पीओईच्या जागी थोडंसं पीएजी मिसळलं तरी इन्सुलेशनचा फॉल्ट येऊ शकतो. भरायची नळी, पंप आणि गेजचे होज आधी पीएजीसाठी वापरले असतील तर ते इथे लावू नका.

## टप्पा ७ : स्थिरता आणि ॲडिटिव्ह

माहितीपत्रकात झीज चाचणीचा फोर-बॉल आकडा ठळक छापलेला असतो. ती चाचणी बहुधा उघड्या हवेत होते. कॉम्प्रेसरमध्ये हवा नसते आणि तेलात गॅस असतो. त्या आकड्यावरून दोन तेलांत डावं-उजवं ठरवू नका.

सीलबंद काचनळीची चाचणी जास्त उपयोगी. अ‍ॅशरेच्या (अमेरिकेतली रेफ्रिजरेशन-एसी अभियंत्यांची संस्था) मानक ९७ मध्ये तिची पद्धत दिली आहे : तेल, गॅस आणि पोलाद, तांबं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एका नळीत बंद करून सहसा १७५ °से.ला १४ दिवस ठेवतात. नंतर तेलाचा रंग, पट्ट्यांवरचे डाग आणि वाढलेलं आम्ल पाहतात. दोन्ही तेलांचे निकाल एकाच गॅससोबत आणि एकाच तापमानाला घेतलेले आहेत का ते आधी पाहा. तसे नसतील तर ते शेजारी मांडू नका.

पीओई घेताना एक प्रश्न जरूर विचारा : आम्लाच्या साखळ्या सरळ आहेत की फाटे फुटलेल्या? फाटे असलेलं पीओई पाण्याला जास्त टिकतं; सरळ साखळीचं वंगण म्हणून बरं आणि तापमानाने कमी बदलणारं. तुमच्या यंत्राचा त्रास ओलावा आहे की झीज, त्यावर उत्तर ठरतं.

बाजारातलं वेगळं ॲडिटिव्ह वरून घालू नका. तेलात आधीच असलेल्या रसायनांशी त्याचं जमेल की नाही हे डब्याबाहेरून कळत नाही.

## टप्पा ८ : आता तक्ता मांडा

उभ्या रकान्यात तेलं, आडव्या ओळीत मुद्दे. पण गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत एका मुद्द्यावर नापास झालेलं तेल दुसऱ्या मुद्द्यांवर गुण मिळवून वर येतं. आधी फक्त 'चालतं' किंवा 'बाद' लिहा : उत्पादकाची मंजुरी, गॅसशी जोडी, दोन्ही स्थितींतली व्हिस्कॉसिटी, सर्वांत कमी तापमानाला परत येणं, सील. एक 'बाद' आला की ते तेल कापा.

उरलेल्यांतच आयुष्य, किंमत, मिळण्याची सोय आणि डब्याचा आकार यांची तुलना करा. कितीदा तरी एकच तेल उरतं, आणि मग किंमतीची चर्चाच उरत नाही. कॉम्प्रेसर वॉरंटीत असेल तर मंजूर यादीबाहेर जाऊ नका, टप्पा ३ मध्ये आकडे कितीही चांगले आले तरी.

## टप्पा ९ : खनिजावरून पीओईवर जाताना

प्रकार बदलत असाल तर जुनं तेल किती उरतं यावर सगळं अवलंबून आहे. आर-२२ वरून आर-४०७सी सारख्या गॅसवर जाताना उरलेलं खनिज तेल सहसा ५ टक्क्यांच्या आत आणायला सांगतात.

एकदा काढून भरल्याने ते का होत नाही ते बघा. प्रणालीत एकूण ४ लिटर तेल आहे, पैकी ३ लिटर निचरा होतं आणि १ लिटर नळ्यांत, कॉइलमध्ये राहतं. ३ लिटर पीओई भरलं की खनिज २५ टक्के. पुन्हा चालवून काढलं-भरलं की सव्वासहा टक्के. तिसऱ्यांदा, दीड टक्क्याच्या आसपास. तीन फेऱ्या सांगतात त्या यासाठी.

1. जुना गॅस आतच ठेवा. आर-२२ पीओईसोबत चालतो, आणि त्याच्याच मदतीने कॉइलमधलं जुनं तेल बाहेर येतं.
2. तेल काढा, मोजा, तेवढंच पीओई भरा. ड्रायर बदला.
3. यंत्र पुरेसा वेळ, साधारण एक दिवस, नेहमीच्या लोडवर चालवा. डिफ्रॉस्ट होऊ द्या.
4. पुन्हा काढा, मोजा, भरा. प्रत्येक वेळी रिफ्रॅक्टोमीटरने उरलेलं खनिज तेल तपासा.
5. मर्यादेत आल्यावरच जुना गॅस रिकव्हर करा (सिलेंडरमध्ये काढून घ्या), ड्रायर बदला, व्हॅक्यूम घ्या, नवा गॅस भरा.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (पाऱ्याच्या स्तंभात मोजलेला दाब) खाली न्या, मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून थांबा. आकडा चढून एका जागी थांबला तर आत ओलावा आहे; चढतच राहिला तर गळती आहे.

सावधान : पीओई जुना मळ सोडवतं. वर्षानुवर्षं नळ्यांना चिकटलेला काळा थर सुटून गाळणीत आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत येतो. पहिल्या आठवड्यात ड्रायरच्या दोन्ही बाजूंचं तापमान हाताने नाही, थर्मामीटरने तपासा. मोटर जळालेल्या प्रणालीतलं तेल आम्लधर्मी असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय निचरा उघडू नका. अमोनियाच्या प्लांटवर हे काम प्रशिक्षित माणसानेच करायचं.

## टप्पा १० : निवड बरोबर होती का

उत्तर पहिल्या नमुन्यात नसतं, पहिल्या तिघांत असतं. भरल्यावर यंत्र स्थिरावलं की एक नमुना घ्या. तो तुमचा पाया. पुढचे दोन उत्पादकाने सांगितलेल्या तासांना. प्रत्येकात ४० °से.ची व्हिस्कॉसिटी, पाणी, आम्लांक आणि लोखंड-तांब्याचे कण मोजून घ्या.

पाणी तेवढंच आणि आम्लांक चढतोय, तर डिस्चार्जचं तापमान पाहा. पाणी आणि आम्लांक दोन्ही चढतायत, तर ड्रायर आणि सक्शन बाजूची गळती पाहा. व्हिस्कॉसिटी उतरली असेल तर घाबरण्याआधी विचारा, प्रयोगशाळेने नमुन्यातला गॅस काढून मग मोजली का? गॅस न काढता मोजलेल्या आकड्यावर चांगलं तेल फेकलं जातं.

नमुना चालू यंत्रातून, तेल गरम असताना, कोरड्या बाटलीत घ्या. आधी थोडं तेल व्हॉल्व्हमधून वाहू द्या, तो तेल न फिरणाऱ्या नळीतला मळ असतो. बाटली काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि झाकण लगेच लावा. चिठ्ठीवर तारीख, यंत्राचे तास, तेल भरल्यापासूनचे तास, वरून किती तेल घातलं आणि डब्याचा बॅच नंबर लिहा. बॅच नंबर डबा उघडतानाच टिपून ठेवा. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी जागेवर नसतो.